एक नंबर बसून, शून्य कामाला

आमच्या कारखान्याचं नाव मी सांगणार नाही. श्रीरामपूरच्या बाजूला आहे, एवढं पुरे. सहकारी साखर कारखाना आहे, म्हणजे सभासद पंधरा हजार आणि मालक दोन: चेअरमन रंगनाथदादा आणि व्हाइस चेअरमन बिभीषणअण्णा. निवडणुकीच्या वेळी दोन्ही गटांत समझोता झाला होता की पहिली अडीच वर्षं दादा खुर्चीवर बसतील आणि पुढची अडीच अण्णा. त्याला आता सव्वातीन वर्षं झाली होती. दादा खुर्चीवरून उठले नव्हते आणि अण्णा ते विसरले नव्हते.

मी इंदू. कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात नऊ वर्षं कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी मला एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर पुन्हा घ्यायचे, म्हणजे आपण इथल्याच आहोत असं मला चुकूनही वाटू नये. या नऊ वर्षांत जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, माझा कागद काही बदलला नाही. माझा नवरा अवधूत विनाअनुदानित शाळेत शिकवतो. त्यामुळे आमच्या घरात कायम अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे पुढच्या वर्षीची काळजी.

यंदा मात्र आशा होती. नोव्हेंबरच्या संचालक मंडळाच्या सभेत मला कायम करण्याचा विषय अकराव्या क्रमांकावर लागला होता. डिसेंबरात मला चाळीस पूर्ण होणार होती, आणि चाळिशीनंतर कुणाला कायम करता येत नाही असा आमच्याकडे नियम आहे. म्हणजे ही सभा, नाहीतर कधीच नाही. हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं आणि कँटीनमध्ये चहा देणाऱ्या छगनमामांनासुद्धा माहीत होतं.

माझे साहेब म्हणजे राधाकृष्ण. दादांचा भाचा, वय एकोणतीस, इतिहासात एम.ए. आणि हुद्दा नेटवर्क अधिकारी. मुलगा वाईट नाही. कामात लुडबुड करत नाही हा त्याचा मोठा गुण, आणि तो मी कधीही नाकारणार नाही. मला ताई म्हणतो.

आता त्या यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यापायी घडलं. आमच्या खोलीत काचेच्या कपाटात एक राऊटर आहे. वजनकाटा, डिझेल पंप, पतसंस्था, कॉलेज, दवाखाना, सगळ्यांची माहिती त्याच्यातून इकडेतिकडे जाते. खरेदीच्या वेळी कंपनीच्या माणसानं चार प्रकार दाखवले होते. दादांनी विचारलं, ‘यातला सगळ्यात मोठा कुठला?’ आणि तोच घेतला. मोठा असल्यामुळे त्याला दोन प्रोसेसर आहेत. एक काम करतो. दुसरा काही करत नाही, पण पहिला काय करतोय ते सगळं क्षणाक्षणाला ध्यानात ठेवतो, आणि पहिला पडला की त्याच सेकंदाला काम हातात घेतो. बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही.

पण त्यासाठी दुसरा खरोखर तयार पाहिजे. कपाटात बसवलाय म्हणजे तयार आहे असं नसतं. म्हणून रोज सकाळी साडेनऊला मी कमांड देऊन दोघांची अवस्था बघायचे. एकाच्या पुढे ‘ॲक्टिव्ह’ आणि दुसऱ्याच्या पुढे ‘स्टँडबाय हॉट’ दिसलं की सगळं ठीक. ‘हॉट’च्या जागी ‘कोल्ड’ दिसलं तर दुसरा नुसता शोभेला बसलाय असं समजायचं. मग मी रजिस्टरमध्ये नोंद करायचे, सही करायचे आणि चहा प्यायचे. मी ही नोंद एकदाही न बघता केलेली नाही. आमच्याकडे हे सांगण्यासारखं आहे, कारण इतर विभागांत महिन्याच्या तीस सह्या एक तारखेलाच होतात.

या नोंदींचा गोषवारा दर महिन्याला सभेच्या फायलीत जायचा. कुणी वाचत नव्हतं, म्हणून बरं चाललं होतं. ऑगस्टच्या सभेत वीज गेली, पंखे बंद पडले, आणि वारा घ्यायला बिभीषणअण्णांनी नेमका तोच कागद हातात धरला. वारा घेताघेता त्यांची नजर त्यावर गेली. तिथे मी लिहिलं होतं: प्रोसेसर ०, कार्यरत. प्रोसेसर १, राखीव.

कंपनीनं मोजायला शून्यापासून सुरुवात केली होती, त्यात माझा काय दोष? पण अण्णांचा चेहरा बदलला. "एक नंबरचा बसवून ठिवलाय, आन् शून्य नंबरचा कामाला?" ते म्हणाले. "किती वर्सं चाललंय हे?"

सव्वातीन वर्षांत जे कुणी तोंडातून काढलं नव्हतं ते राऊटरच्या निमित्तानं टेबलावर येऊन पडलं होतं. दादांच्या गटाचा एक संचालक म्हणाला की जो काम करतो त्यालाच काम द्यावं. अण्णांचा गट म्हणाला की संधीच दिली नाही तर माणूस काम दाखवणार कसा. माणूस म्हणाले, प्रोसेसर नाही. दोन तास चर्चा झाली. त्या दिवशी उसाच्या दराचा विषय वेळेअभावी पुढे ढकलला, पण प्रोसेसरचा ठराव मात्र झाला: दोन्ही प्रोसेसरना समान न्यायानं एकेक आठवडा काम द्यावं आणि दर सोमवारी अकरा वाजता दोन्ही गटांच्या प्रतिनिधींसमोर पाळी बदलावी.

मी राधाकृष्णाला सांगून बघितलं की हे आठवड्याला पाळी बदलायचं यंत्र नाही. पाळी बदलली की उतरलेला प्रोसेसर बंद होऊन पुन्हा चालू होतो, आणि हे वारंवार केलं की एखाद्या दिवशी तो उठणारच नाही. तो म्हणाला, "ताई, ठराव झालाय." आमच्याकडे यापुढे बोलायचं नसतं.

पहिल्या सोमवारी खोलीत पंधरा माणसं आली. अण्णांच्या लोकांनी एक नंबरला हार आणला आणि कपाटासमोर नारळ फोडला. पाणी वायरपर्यंत जाऊ नये म्हणून मी ओढणी टाकून ते टिपलं. कमांड मी टाइप करायची, शेवटची कळ राधाकृष्णानं दाबायची आणि फोटोत तिसऱ्याच कुणीतरी राहायचं, असा पायंडा पडला. दादांच्या पाळीच्या सोमवारी पेढे, अण्णांच्या सोमवारी जिलबी. असे तीन महिने गेले. मी सोमवारचा उपवास धरला, गोड खाऊन कंटाळले होते म्हणून.

मोळी टाकायचा मुहूर्त यंदा नेमका सोमवारी आला. मोळी म्हणजे हंगामाची सुरुवात: चरकाकडे ऊस नेणाऱ्या गव्हाणीत पहिली मोळी टाकायची, पहिल्या गाडीची पूजा करायची, भाषणं करायची आणि गाळप चालू करायचं. दहाला कार्यक्रम, अकराला पाळी, तीनला सभा, आणि सभेत अकरावा विषय मी. त्या दिवशी पाळी शून्याकडून एक नंबरकडे जायची होती.

साडेनऊला मी नेहमीसारखी कमांड दिली. शून्यापुढे ‘ॲक्टिव्ह’ होतं. एक नंबरपुढे ‘कोल्ड’. मी एक नंबर बंद करून पुन्हा चालू केला, दहा मिनिटं थांबले, पुन्हा बघितलं. तेच. मग रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘प्रोसेसर १ तयार नाही. आज पाळी बदलू नये. बदलल्यास वजनकाटा बंद पडेल.’ सही केली. राधाकृष्ण फेटा बांधून आला, त्यानं वाचलं आणि फेट्याखाली त्याला घाम फुटला.

"ताई, हे खोडा."

"का?"

"एक नंबर तयार नाही, असं आपण लेखी कसं द्यायचं? अण्णा म्हणतील, दादांच्या भाच्यानं मुद्दाम बिघडवला. मांडवात राडा होईल." मग त्यानं आवाज खाली आणला. "आणि तुमचा विषय आजच आहे ना. अकरावा."

तो धमकी देत नव्हता. धमकी द्यायला जी हिंमत लागते ती त्याच्याकडे नाही. तो नुसती आठवण करून देत होता, आणि खरी होती म्हणून ती जास्त लागली.

खोटं सांगत नाही, मी पेन उचललं. तीन छोटी वाक्यं खोडायची होती. अवधूतला संध्याकाळी काय सांगायचं तेसुद्धा डोक्यात तयार झालं होतं. पण आमच्या खिडकीबाहेरच केनयार्ड आहे, आणि तिथे पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोडणीवाल्यांच्या बैलगाड्या पहाटेपासून रांगेत उभ्या होत्या. काटा बंद पडला की त्या तिथेच उभ्या राहणार आणि भरल्या गाडीला जुंपलेले बैलही. हाताने लिहिलेली वजनाची पावती आमच्याकडे चालत नाही, त्यावरून पूर्वी डोकी फुटली आहेत. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हटलं, "तुम्हीच खोडा साहेब, आणि खाली तुमची सही करा." त्यानं खोडलं नाही.

ही बातमी मांडवात कशी पोचली कोण जाणे. अकराला पाच कमी असताना अण्णा सहा माणसं घेऊन खोलीत आले. "आमचा तयार न्हाई म्हनून कुनी लिव्हलंय?"

"मी लिहिलंय, अण्णा. आणि तो तुमचा नाही, कारखान्याचा आहे. तयार नाही असं यंत्र म्हणतंय, मी फक्त उतरवून घेतलं."

"यंत्र कुनाचं ऐकतं ते आमाला ठावं हाय. तीन म्हयनं दर सोमवारी झ्याक चाललं हुतं. आन् आज सारा तालुका मांडवात बसलाय तवाच बिघडलं व्हय?"

तेवढ्यात दादा आले. इतकं प्रसन्न मी त्यांना निवडणूक जिंकल्याच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. "अण्णा," ते म्हणाले, "आता मशीनच म्हणतंय की एक नंबरची अजून तयारी नाही, तिथे आपण काय करणार? थांबायचं थोडं."

अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "दाबा कळ," ते म्हणाले. "बघूच, तयार हाय का न्हाई."

मी दादांकडे वळले. त्यांनी नाही म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. "दादा, काटा बंद पडेल. बाहेर दोनशे गाड्या आहेत."

"पडला तर पडला दोन मिनिटं," दादा म्हणाले. "अण्णांची हौस होऊ द्या. सगळ्यांच्या समोर होऊ द्या."

यंत्रानं पडद्यावर विचारलं की राखीव प्रोसेसर तयार नाही, तरीही पुढे जायचं का. कारखान्यात इतक्या वर्षांत एवढा सरळ प्रश्न कुणी कुणाला विचारला नसेल. राधाकृष्णानं दादांकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि कळ दाबली.

काटा त्याच क्षणी बंद पडला. दवाखान्याचं नोंदणीचं टेबल बंद पडलं, पतसंस्था बंद पडली. एक नंबर अर्धवट उठायचा, ‘मीच मुख्य’ म्हणून जाहीर करायचा आणि पुन्हा पडायचा. शून्य बिचारा चालू होऊन बसला होता, पण एक नंबर स्वतःला मुख्य म्हणवतोय तोवर तो कामाला हात लावणार नव्हता. दोन मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली. उपाय मला माहीत होता आणि तो सोपा होता: एक नंबर कपाटातून ओढून बाहेर काढायचा. मग शून्य आपोआप कामाला लागला असता. मी तसं सांगितलं.

"आमच्या एक नंबरला हात लावायचा न्हाई," अण्णा म्हणाले. त्यांची माणसं कपाटासमोर उभी राहिली.

दादा म्हणाले, "बरोबर आहे अण्णांचं. ठरावाशिवाय यंत्राचा भाग काढता येत नाही. अण्णांनी स्वतः विनंती केली तर विचार करू." त्यांना घाई नव्हती. अण्णांनी चार लोकांत ‘काढा’ म्हणावं यासाठी ते संध्याकाळपर्यंत थांबले असते. राधाकृष्ण फेट्याचं टोक चघळत बसला होता.

साडेबारा वाजले. सनईवाल्यांनी जेवणाची सुट्टी घेतली. खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली, रतनबाई तिचं नाव. गेल्या दोन हंगामांत तिची गाडी बऱ्याचदा रांगेत पुढे असायची, म्हणून ओळख. ती गज धरून म्हणाली, "ताई, पहाटच्यापून उभ्या हावोत. एक बैल बसलाय जू घेऊन, उठना गेलाय. काटा कवा चालू व्हायचा तेवढं सांगा."

मी मागे वळून पाहिलं. खोलीत दोन पुढारी, दहा कार्यकर्ते, एक अधिकारी, सगळे फेटे बांधलेले. तिचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं आणि कपाटासमोरून कुणी हललं नव्हतं. मला इतका राग आला की भीती वाटायची राहून गेली. "सरका," मी अण्णांच्या माणसांना म्हटलं, आणि का कोण जाणे, ते सरकले. बाईमाणसाला अडवायचं कसं हे ठरावात नव्हतं. मी कपाट उघडलं, एक नंबरचे दोन स्क्रू सैल केले, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ओढल्या आणि तो बाहेर काढून टेबलावर ठेवला. त्याला अजून हळदकुंकू लागलेलं होतं.

नऊ मिनिटांनी काटा चालू झाला. रतनबाईची गाडी दुसरा बैल लावून काट्यावर चढलेली मला दिसली. खोलीत अण्णा टेबलावरच्या प्रोसेसरकडे बघत उभे होते. "हिलाच कायम करायचंय न्हवं आज?" त्यांनी दादांना विचारलं. बऱ्याच दिवसांनी ते दादांशी थेट बोलले. दादांनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

सभा तीनला सुरू झाली आणि साडेपाचला संपली. मला आत बोलावलं तेव्हा तिथे फक्त कार्यकारी संचालक होते, आम्ही त्यांना एमडीसाहेब म्हणतो. त्यांनी समोरचा कागद सरळ केला. "विषय अकरा. एकमताने मंजूर," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"पद कायम झालं. पदावर कोण, यावर चर्चा झाली. एकाच व्यक्तीवर एवढी यंत्रणा अवलंबून असणं योग्य नाही, असं दोन्ही गटांचं मत पडलं. म्हणून एकाऐवजी दोन पदं केली. एका पदावर दादांचा पुतण्या ओम, दुसऱ्या पदावर अण्णांची सून रेश्मा. आलटूनपालटून एकेक आठवडा. या तीन वर्षांत एकमताने झालेला हा पहिलाच ठराव आहे, इंदूताई."

"आणि मी?"

"तुम्ही दोघांना शिकवायचं. शिकवून होईपर्यंत तुमचं कंत्राट चालू राहील. आजच्या प्रकाराबद्दल तुमच्यावर कारवाई करायची नाही, असंही मोठ्या मनानं ठरलं."

एमडीसाहेब पापभीरू माणूस, त्यांना वर बघवत नव्हतं. "साहेब," मी म्हटलं, "एकाची दोन पदं करता आली, तर तिसरं करायला काय हरकत होती?"

ते फार हळू बोलले. "ताई, तिसरा गट नाही ना."

कंत्राटी माणसाला राजीनामा नसतो. तो फक्त दुसऱ्या दिवसापासून येत नाही. मी आले नाही. अवधूतला सांगितलं तेव्हा त्यानं उठून भात लावला. डिसेंबरात मला चाळीस पूर्ण झाली. जानेवारीपासून मी शिर्डीत एका हॉटेलात जाते, खोल्यांची नोंदणी आणि तिथलं कॉम्प्युटरचं सगळं बघते. सकाळी सातची एसटी पकडते. पगार थोडा कमी आहे, पण रोज एकाच मालकाचं ऐकावं लागतं हे सुख आहे.

कारखान्यानं एक नंबरचा नवा प्रोसेसर आणून पूजा करून बसवला. पाळ्या पुन्हा सुरू झाल्या. आणि पहिल्याच आठवड्यात सकाळी साडेनऊला मला फोन आला. रेश्मा होती. पोरगी गुणी आहे, तिचा यात काही दोष नाही. "ताई, राखीवच्या पुढे काय दिसलं पाहिजे?" तिनं विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, मी पुन्हा सांगितलं. पुढच्या आठवड्यात ओमची पाळी आली, मग ओमचा फोन. आता रोज येतो. ते पडदा वाचून दाखवतात, मी ठीक आहे म्हणते, ते रजिस्टरमध्ये सही करतात.

अवधूत म्हणतो, उचलू नकोस. अगदी बरोबर म्हणतो. गेल्या बुधवारी मी ठरवून उचलला नाही. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला, थांबला. समोर हैदराबादचं एक कुटुंब खोलीची किल्ली मागत होतं. पावणेदहा झाले, दहाला पाच कमी झाले. मग मीच फोन लावला आणि विचारलं, दोन्ही ठीक आहेत ना? रेश्मा म्हणाली, बघते ताई, थांबा. मी थांबले.